दम तुटलेली डिझेल मोटार

चिपळुणाहून कराडकडे निघालेली एक जुनी डिझेल मोटार श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. मोटारीचें वय वीस वर्षांचें. पंधरा वर्षें भरल्यावर तिची नोंदणी रीतसर वाढवून घेतलेली. मालक पेन्शनीवर असलेले एक गृहस्थ. पोफळी मागें पडते आणि कुंभार्ली घाटाची चढण सुरू होते. पुढें मालानें लादलेला एक ट्रक मुंगीच्या पावलानें चढत असतो. रस्ता मोकळा दिसतांच गृहस्थ गिअर एक पायरी उतरवितात, मोटार ट्रकाच्या बाजूस काढतात आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण दाबतात. एरवीं अशा वेळीं पाठीला सीटचा एक रेटा जाणवावयाचा. आज तो येत नाहीं. एंजिन ओरडतें, पण मोटार ट्रकाच्या बरोबरीनेंच रेंगाळते, आणि तेवढ्यांत वरच्या वळणावर एस्. टी.चें तोंड दिसूं लागतें. ब्रेक दाबून पुन्हां ट्रकामागें येण्यावांचून गत्यंतर नसतें. घाटांत ट्रकाला मागें टाकूं पाहणें शहाणपणाचें कीं नाहीं हा प्रश्न निराळा. परंतु मोटारीनें ऐन वेळीं दगा दिला म्हणजे काय होतें, हें अशा अर्ध्या मिनिटांत कळून येतें.

दुसऱ्या दिवशीं मोटार गॅरेजांत जाते. मिस्त्री बॉनेट उघडतो, एंजिन दोनदां रेटून पाहतो आणि सांगतो, “काका, टर्बो गेला. नवाच टाकावा लागेल.” जो आकडा सांगितला जातो तो गृहस्थांच्या तीन महिन्यांच्या पेन्शनीएवढा असतो. यांत मिस्त्री लबाड आहे असें मानण्याचें कारण नाहीं. ‘पिकअप नाहीं म्हणजे टर्बो गेला’ हें समीकरण त्याला सवयीनें मिळालेलें असतें, आणि कधीं कधीं तें खरेंही ठरतें. परंतु दाब उतरणें हें लक्षण आहे, रोग नव्हे. अंगांत ताप आहे एवढ्यावरून कोणी शहाणा वैद्य रोग्याचें पोट फाडीत नाहीं. टर्बो हा त्या सबंध व्यवस्थेंतला सर्वांत महाग भाग. म्हणून त्याची झडती सर्वांत शेवटीं घ्यावयाची, आणि ज्या वस्तूंची किंमत शेंदोनशें रुपयांत मोजतां येते त्यांची सर्वांत आधीं. प्रत्यक्षांत पुष्कळदां क्रम उलटा होतो, आणि नवा टर्बो बसवूनही मोटार पूर्वीसारखीच रडत राहते.

हा टर्बो आहे तरी काय? सिलिंडरांत जितकी हवा मावेल तितकेंच डिझेल नीट जळतें, त्याहून अधिक घातलें तर त्याचा नुसता काळा धूर होतो. हवा दाबून भरली तर त्याच सिलिंडरांत अधिक डिझेल जाळतां येतें आणि तेंच एंजिन अधिक जोर करतें. आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस एंजिनिअरानें १९०५ सालीं यासाठीं एक युक्ति पेटंट करून घेतली. एंजिनांतून वायां जाणारा जो तप्त धूर, त्यानेंच एक चक्र फिरवावयाचें; त्या चक्राच्या दांड्याच्या दुसऱ्या टोंकास पंखा बसवावयाचा; आणि त्या पंख्यानें ताजी हवा दाबून एंजिनांत भरावयाची. पुष्कळ वर्षें ही युक्ति जहाजें व मोठीं एंजिनें यांपुरतीच राहिली. विक्रीस निघालेल्या डिझेल मोटारींत ती प्रथम आली १९७८ सालीं, मर्सिडीझ-बेन्झच्या ३०० एस्‌डी या मोटारींत. महाराष्ट्रांत तयार झालेल्या मोटारींचें म्हणाल, तर १९९८ ची पुण्याची टाटा सफारी, २००१ पासून औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, जोडली जाऊं लागलेली ऑक्टेव्हिया, आणि २००२ ची नाशिकची स्कॉर्पिओ यांनीं टर्बो-डिझेल हा शब्द सामान्य माणसाच्या कानांवर घातला. त्या पिढींतल्या ज्या मोटारी अजून रस्त्यावर आहेत, त्या आतां उतारवयांत आल्या आहेत, आणि उतारवयांत माणसाचें काय किंवा मोटारीचें काय, प्रथम नळ्या व सांधेच कुरकुर करूं लागतात.

हवेची वाट एकदां ध्यानांत घेतली कीं शोधाचें काम सोपें होतें. फिल्टरांतून आंत आलेली हवा टर्बोच्या पंख्यापाशीं जाते. तेथें दाबली गेल्यामुळें ती तापते, म्हणून तिला रबरी होज पाइपांतून इंटरकूलर नांवाच्या जाळीकडे नेऊन निववितात. तेथून दुसऱ्या होज पाइपानें ती एंजिनांत शिरते. ज्वलन झाल्यावर निघालेला धूर टर्बोच्या चक्रावर आदळून पुढें सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. म्हणजे हें एक वर्तुळ आहे: धूर चक्र फिरवितो, चक्र हवा आणतें, हवेमुळें डिझेल जळतें आणि डिझेल जळल्यामुळें धूर होतो. वर्तुळांत कोठेंही खंड पडला तरी उतरतो तो दाबाचाच आकडा. डिझेलचा फिल्टर तुंबला तरी दाब उतरतो, कारण आग कमी, म्हणून धूर कमी, म्हणून चक्राचा वेग कमी. हवेच्या फिल्टरावर धुळीचा थर बसला तरी तोच प्रकार. हे दोन फिल्टर प्रथम बदलावे. त्यांविषयीं अधिक बोलण्यासारखें कांहीं नाहीं.

दाबाच्या आकड्यासंबंधीं मात्र थोडें थांबलें पाहिजे, कारण येथें भल्याभल्यांची फसगत होते. पृथ्वीवरील हवेचा स्वतःचाच दाब असतो; समुद्रसपाटीवर तो सुमारें १०१३ मिलिबार भरतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच; तेथें तो साडेनऊशेंच्या आसपास येतो, आणि महाबळेश्वरीं त्याहूनही बराच खालीं. मोटारीच्या संगणकाला स्कॅनर जोडला असतां जो आकडा दिसतो तो बहुधा वातावरणाचा दाब धरून असतो. काट्याच्या गेजवर दिसणारा आकडा वातावरणाच्या दाबावर टर्बोनें जी भर घातली तेवढीच दाखवितो. यामुळें एकाच मोटारीचा दाब एक मनुष्य १९५० म्हणून सांगतो, दुसरा ‘एक बारही भरत नाहीं’ म्हणतो, आणि दोघेही खरें बोलत असतात. कोणत्या पट्टीनें मोजलें हें विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवूं नये.

याच ज्ञानावरून एक फुकटची परीक्षा होते. एंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवावी आणि स्कॅनरवर दाबाचा आकडा वाचावा. एंजिन थांबलेलें असल्यामुळें तो गांवच्या हवेचाच दाब असला पाहिजे. पुण्यांत उभ्या असलेल्या मोटारीनें साडेनऊशेंऐवजीं सातशें किंवा बाराशें दाखविले, तर दाब मोजणारा सेन्सरच खोटें बोलत आहे; आणि साक्षीदार खोटा असतांना आरोपीला फांशी देण्यांत अर्थ नाहीं.

साक्षीदार खरा ठरला कीं मग रस्त्यावरची परीक्षा घ्यावी. मोकळ्या, किंचित् चढणीच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरांत एंजिनाचे फेरे दीड हजारांवर आले कीं पाय पूर्ण दाबावा आणि साडेतीन हजारांपर्यंत तसाच ठेवावा. शेजारीं बसलेल्या दुसऱ्या माणसानें स्कॅनर वाचावा. चालविणाऱ्यानें त्याकडे पाहूंही नये. संगणक असलेल्या अनेक मोटारींत दोन आकडे मिळतात: एंजिनानें मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. दोहोंत थोडें अंतर क्षणभर पडावयाचेंच. पण मागणी १९०० ची आणि प्राप्ति १४०० ची, असें सारखें राहिलें तर हवा कोठें तरी हरवत आहे, किंवा मुळांत तयारच होत नाहीं. संगणक अशा वेळीं पी ०२९९ हा दोषांक नोंदवून ठेवतो. या अंकाचा अर्थ ‘दाब कमी’ एवढाच आहे. टर्बो बदला असा त्याचा अर्थ नाहीं. तो अंक पाहून नवा टर्बो मागविणें म्हणजे नापास झालेल्या मुलाची प्रगतिपुस्तिका पाहून शाळा बदलण्यासारखें आहे. ज्या जुन्या मोटारींत संगणकच नाहीं, त्यांत दाबाच्या नळींत टी-जोड घालून साधें गेज बसविलें तरी काम भागतें.

यापुढें डोळ्यांनीं पाहावयाची खूण म्हणजे धूर. मोटार दम धरीत नाहीं आणि मागून काळाकुट्ट धूर सुटतो, याचा अर्थ डिझेल येत आहे पण त्याला पुरेशी हवा मिळत नाहीं. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरापाशीं बसलेला असतो. त्यानें मोजलेली हवा पुढें वाटेंत गळाली, तर संगणकाला तें कळत नाहीं. तो मोजलेल्या हवेच्या हिशेबानें डिझेल सोडीत राहतो, आणि त्या जादा डिझेलचा धूर होतो. उलट, दमही नाहीं आणि धूरही नाहीं, अशी स्थिति असेल तर डिझेलच हात आखडून दिलें जात आहे. तेथें हवा मोजणारा सेन्सरच कमी सांगत असेल, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल, किंवा संगणकानें स्वतःच एंजिनाला आवर घातला असेल. नळ्या शोधावयाच्या कीं सेन्सर, हें मोटारीच्या मागें उभें राहूनच निम्मेंअधिक ठरतें. गॅरेजांत सर्वजण मोटारीच्या पुढें गर्दी करतात, हें एक नवलच म्हणावयाचें.

काळा धूर दिसला तर होज पाइपांकडे वळावें. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून एंजिनापर्यंत जाणाऱ्या या रबरी नळ्या वर्षानुवर्षें उष्णता, दाब आणि ऑईलची वाफ सोशीत असतात. एंजिनाच्या उसाशांबरोबर थोडें ऑईल हवेंत मिसळून या नळ्यांत येतच असतें. म्हणून जेथें हवा गळते तेथें बाहेरच्या बाजूस ऑईलाचा ओलसर डाग पडतो व त्यावर धूळ चिकटून काळें किटण बसतें. तें किटण म्हणजे चोराच्या पावलांचा माग. मात्र वरवर पाहून भागत नाहीं. चीर बहुतेकदां क्लिपेखालीं किंवा जमिनीकडच्या अंगास असते, जेथें डोळा पोंचत नाहीं. तेथें आरसा व बॅटरी लागते, नाहीं तर बोट फिरवावें लागतें. एंजिन थंड झाल्यावरच बोट घालावें हें सांगावयास नको, तरी सांगितलेलें बरें. शिवाय उभ्या मोटारींत चीर मिटलेली असते. घाटांत जोर पडला, एंजिन आपल्या पायांवर एका बाजूस कलंडलें आणि आंतून दाब आला, कीं ती तोंड उघडते. पुन्हां सपाटीवर आलें कीं मिटते. यामुळें गॅरेजांत निर्दोष दिसणारी नळी घाटांत फितूर होते.

अशा लपलेल्या चिरेसाठीं सायकलचें पंक्चर काढणाऱ्याची रीत उत्तम. ट्यूब फुगवून पाण्यांत धरली कीं बुडबुडे आपण होऊन जागा दाखवितात. मोटार पाण्यांत बुडवितां येत नाहीं, म्हणून पाण्यानें वस्तूकडे यावयाचें. टर्बोच्या हवेच्या तोंडावर घट्ट बूच बसवावें, त्या बुचांतील व्हॉल्व्हमधून अर्धा-पाऊण बार एवढीच हवा भरावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. एंजिनाच्या उघड्या व्हॉल्व्हांतून थोडी हवा निसटावयाचीच, तिचा आवाज आंतून येतो. पण बाहेर फेस उठला कीं चोर सांपडला. बुचाच्या समोर तोंड नेऊं नये आणि टायर भरावयाचा दाब येथें वापरूं नये. या परीक्षेला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यासाठींच ती टाळली जाते.

नळ्या निर्दोष ठरल्या तर टर्बोला हुकूम देणारी यंत्रणा पाहावी. येथें एक भेद समजून घेतला पाहिजे. कांहीं टर्बोंत चक्राभोंवतीं हलतीं पातीं असतात. धूर थोडा असतांना तीं पातीं मिटत येऊन वाट अरुंद करतात. बागेंतल्या नळीचें तोंड बोटानें दाबलें असतां पाणी लांब उडतें, तसा धूर वेगानें चक्रावर आदळतो. जुन्या मोटारींत हीं पातीं बहुधा व्हॅक्यूमनें हलविलीं जातात. एंजिनावर बसविलेला पंप व्हॅक्यूम तयार करतो, विजेवर चालणारा एक छोटा व्हॉल्व्ह त्याचें माप ठरवितो, आणि बोटाएवढ्या जाड नसलेल्या रबरी नळ्या तें ॲक्च्युएटरच्या डबीपर्यंत नेतात. ती बारीक नळी तडकली कीं व्हॅक्यूम पोंचत नाहीं, पातीं उघडीं राहतात आणि मोटार मेंगळटते. दुसऱ्या प्रकारच्या टर्बोंत पातीं स्थिर असतात आणि जादा धूर बाजूनें सोडून देणारें वेस्टगेट नांवाचें झाकण असतें. तें बहुधा दाबानें उघडतें. तेथें डबीकडे जाणारी नळी तुटली तर झाकण उघडतच नाहीं आणि दाब उतरण्याऐवजीं वाढतो! म्हणजे एका मोटारींत जी तुटलेली नळी दम घालविते तीच दुसऱ्या मोटारींत दम अतोनात वाढविते. आपल्या मोटारींत टर्बो कोणत्या जातीचा आहे हें न पाहतां शेजाऱ्याच्या अनुभवावरून निदान करणारे येथें हमखास चुकतात.

व्हॅक्यूमची परीक्षा साध्या हातपंपानें होते. डबीला पंप जोडून हळूहळू ओढ द्यावी. दांडा न अडखळतां सरकला पाहिजे, ओढ थांबविल्यावर तेथेंच स्थिर राहिला पाहिजे, आणि सोडतांच परत गेला पाहिजे. दांडा आपोआप मागें घसरला तर डबीचा पडदा फाटला आहे. दांडा मध्येंच अडला तर पात्यांवर काजळी बसली आहे. नेहमीं शहरांत मंदगतीनें फिरणाऱ्या मोटारींत ही काजळी अधिक सांठते. अशीं पातीं उघडीं अडकलीं तर दाब कमी पडतो आणि मिटलेलीं अडकलीं तर वाढतो. काजळी साफ करतां येते. तेवढ्यासाठीं सबंध टर्बो भंगारांत घालण्याचें कारण नाहीं.

एक खूण मालकानें स्वतःच ध्यानांत ठेवावी, कारण ती मिस्त्रीला दिसत नाहीं. घाटांत एकाएकीं दम गेला. मोटार बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हां सुरू केली, आणि दम परत आला. असें झालें असेल तर एंजिनाला आवर घालणारा संगणक होता. दाब मागणीहून फार कमी किंवा फार जास्त दिसला म्हणजे तो एंजिनाचें रक्षण करण्यासाठीं शक्ति कमी करतो, व पुन्हां सुरू केल्यावर बहुधा नव्यानें परीक्षा घेतो. मोडलेला पंखा चावी फिरवून बरा होत नाहीं. ही एक गोष्ट नीट सांगितली तर मिस्त्रीचा अर्धा दिवस वांचतो.

धुराच्या बाजूचे दोष थोडक्यांत सांगतां येतील. एंजिन व टर्बो यांमधला सांधा फुटला तर धूर चक्रापर्यंत पूर्ण जोरानें जात नाहीं. तेथें काजळीचा पट्टा उमटतो आणि थंड एंजिन सुरू करतांना टिकटिक ऐकूं येते. धुराचा कांहीं भाग पुन्हां एंजिनांत घेणारा ई. जी. आर. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर धूर चक्राला चुकवून आडवाटेनें जातो. आणि टर्बोच्या पुढें सायलेन्सरची वाट तुंबली तर धुराला बाहेर पडावयास जागा उरत नाहीं.

हें सर्व पाहून झाल्यावर टर्बोच्या अंगाला हात लावावा. त्याचा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, तेंही ऑईलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून एंजिन बंद असतांना दांडा बाजूस किंचित् हलला तर तो दोष नव्हे. ऑईल भरल्यावर ती जागा भरून निघते. परंतु तो पुढेंमागें हलतां कामा नये, आणि पंख्याचीं पातीं कवचाला घासल्याच्या खुणा दिसतां कामा नयेत. पातीं तुटलीं असतील किंवा नळ्यांत ऑईलाचीं थारोळीं सांचलीं असतील, तर मिस्त्रीचा शब्द खरा ठरला. मग मोटार एक दिवसही चालवूं नये. सीलांतून भरपूर ऑईल एंजिनांत शिरूं लागलें तर डिझेल एंजिन तेंच जाळून बेफाम धांवूं लागतें व चावी काढून घेतली तरी थांबत नाहीं. हातानें गिअर टाकावयाच्या मोटारींत अशा वेळीं ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, म्हणजे एंजिन गुदमरून थांबतें. नवा टर्बो बसवितांना जुन्याला ऑईल देणारी नळी बदलल्याशिवाय किंवा साफ केल्याशिवाय राहूं नये; ती तुंबल्यामुळेंच जुना मेला असेल, तर नवाही त्याच वाटेनें जातो.

घाटांतल्या मोटारीकडे आतां परत यावें. गृहस्थांनीं मिस्त्रीला दोन गोष्टी सांगितल्या: मोटार जोर करतांना काळा धूर सोडते, आणि चावी बंद करून सुरू केली तरी दम परत येत नाहीं. मिस्त्री भला होता. त्यानें मोटार उचलून खालून पाहिलें. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होज पाइपाच्या तळाशीं, क्लिपेला लागूनच, ऑईलाचें काळें किटण होतें, आणि साबणाचें पाणी लावतांच तेथें फेसाचा गोळा उठला. क्लिप काढल्यावर बोटाच्या पेराएवढी चीर सांपडली. नवी नळी आली, क्लिपाही नव्या घातल्या, आणि इंटरकूलर खालीं उतरवून त्यांत सांचलेलें अर्धा कप ऑईल ओतून टाकलें. असें काम झाल्यावर पहिले एकदोन दिवस सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर आला तर घाबरावयाचें कारण नसतें; नळ्यांत राहिलेलें ऑईल जळून जात असतें. तिसऱ्या आठवड्यांतही तो येत राहिला, तर मात्र टर्बोच्या सीलाकडे पुन्हां पाहावें लागतें.